थांबवलेला टायमर खरंच थांबतो का?

टायमरला किती फंक्शनं लागावीत? माझ्या हिशेबाने तीन. सुरू कर, बंद कर, किती वेळ उरला ते सांग. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे त्याच्या गाभ्यात, शिरायचं ठरवलं तेव्हा वहीच्या पहिल्या पानावर मी ही तीनच नावं लिहून ठेवली होती. मग सोर्स उघडला. तिथे टायमर लावायचं एक फंक्शन, मुदत बदलायचं वेगळं, काढून टाकायचं एक, काढून टाकून वाट बघत थांबायचं आणखी एक, कायमचं बंद करायचं पुन्हा निराळं. शेजारी ‘एचआरटायमर’ नावाचा दुसराच संसार मांडलेला, त्यात हीच कामं दुसऱ्या नावांनी. शिवाय नुसतं ठरावीक वेळ झोपून राहायचे कितीतरी प्रकार. एवढं सगळं कशाला, हेच मला कळेना. कारण काहीतरी असणार हे दिसत होतं, पण कोड वाचून ते सापडत नव्हतं. कोड काय करतो ते सांगतो. असा का केला, ते क्वचितच सांगतो.

प्रोजेक्ट मात्र अगदी घरचा होता. आम्ही आर्वी तालुक्यातल्या रोहण्याचे. शेतात विहीर, विहिरीवर मोटर, पेटीत स्टार्टर आणि ऑटो. शेतीची थ्रीफेज लाइन पाळीपाळीने येते, कधी दिवसा, कधी रात्री. ऑटो लावलेला असला की लाइन येताच मोटर आपोआप सुरू होते आणि रात्री-बेरात्री रानडुकरांच्या वाटेवरून विहिरीपर्यंत जाणं टळतं. आमच्या ऑटोला उशिराची एक घुंडी आहे: लाइन आल्यावर इतके सेकंद थांब, मग मोटर उचल. घुंडीवरचे आकडे केव्हाच पुसले गेलेत. बाबांना हवी ती जागा आईच्या नेलपेंटचा लाल ठिपका देऊन पक्की केलेली आहे. या ऑटोच्या जागी रास्पबेरी पाय हा छोटा संगणक बसवायचा आणि त्याचा ड्रायव्हर स्वतः लिहायचा, असं मी ठरवलं. साध्या प्रोग्रॅमनेही हे काम झालं असतं. पण मला कर्नल शिकायचा होता, आणि शिकायचा तर ज्याच्यामुळे घरच्या माणसाचा फायदा-तोटा होतो अशा वस्तूवर शिकायचा होता. ड्रायव्हर लिहायचा म्हणजे त्याचा इंटरफेसही मीच ठरवायचा: बाबांनी त्याला काय सांगायचं, आणि त्याने बाबांना काय कबूल करायचं.

सुरुवातीलाच अडले ती उदाहरणांवर. माझ्याकडचं पुस्तक ‘लिनक्स डिव्हाइस ड्रायव्हर्स’ची तिसरी आवृत्ती, २००५ सालची. पुस्तक उत्तम आहे, पण त्यातलं टायमरचं उदाहरण आजच्या कर्नलवर कंपाइलच होत नाही. त्यात टायमरला दोन गोष्टी द्यायच्या असतात: वेळ झाली की बोलवायचं फंक्शन, आणि त्या फंक्शनला पोचवायचा एक आकडा. आकडा म्हणजे बहुतेकदा वेश बदललेला मेमरीचा पत्ता. जानेवारी २०१८ मध्ये आलेल्या ४.१५ आवृत्तीत ही पद्धत मोडून काढली गेली. कर्नलवर काम करणारे कीस कुक यांनी त्यामागे धरलेलं मुख्य कारण सुरक्षेचं होतं. फंक्शनचा पत्ता आणि त्याला द्यायचा आकडा मेमरीत शेजारी-शेजारी बसलेले. शेजारच्या जागेतून कुणी मेमरी ओसंडून या दोन्हींवर लिहू शकला तर कर्नलकडून हवं ते फंक्शन हव्या त्या आकड्याने चालवून घेता येतं. आता आकडा द्यायचाच नाही. फंक्शनला टायमर स्वतःच मिळतो आणि तो ज्या मोठ्या रचनेत बसवलेला आहे ती रचना त्यावरून शोधायची. कर्नलभर पसरलेल्या शेकडो जागा यासाठी बदलाव्या लागल्या. इंटरफेसमधला एक आकडा काढायला एवढे कष्ट पडतात हे वाचून मी माझ्या तीन फंक्शनांकडे जरा भीतीनेच बघायला लागले.

मग वेळ मोजण्याचा प्रश्न. कर्नलमध्ये ‘जिफीज’ नावाचा एक आकडा असतो, ठरावीक ठोक्याने वाढत जाणारा. सेकंदाला किती ठोके, ते कर्नल बांधताना ठरतं. साध्या पीसीवरच्या लिनक्समध्ये पूर्वी १०० होते, २.६ आवृत्तीत ते १००० झाले, आणि २००५ मध्ये २.६.१३ पासून बांधणाऱ्याच्या मर्जीवर सोडून न सांगितल्यास २५० धरले गेले. बत्तीस बिटांच्या यंत्रावर हा आकडा सेकंदाला १००० ठोक्यांनी ४९.७ दिवसांत भरतो आणि पुन्हा शून्यावर येतो. ‘आत्ताची वेळ मुदतीपेक्षा मोठी आहे का’ अशी सरळ तुलना त्या क्षणी उलटं उत्तर देते. म्हणून तुलनेसाठी ‘टाइम आफ्टर’ असं वेगळं साधन दिलेलं आहे. ते दोन आकड्यांची वजाबाकी करून चिन्ह बघतं. मला मनापासून आवडली ती त्याच्या मागची दुसरी युक्ती. कर्नल सुरू होताना हा आकडा शून्यापासून मोजायला लागतच नाही. तो अशा जागी ठेवलेला असतो की पाचच मिनिटांत भरून शून्यावर यावा. ज्याने सरळ तुलना केली असेल त्याचा ड्रायव्हर पन्नास दिवसांनी शेतात बंद पडण्याऐवजी पाच मिनिटांनी टेबलावरच बंद पडतो. वापरणाऱ्याची इतकी काळजी मी दुसऱ्या कुठल्याही यंत्रात पाहिलेली नाही.

तरीही दोन वेगवेगळे टायमर का, याचं उत्तर मिळत नव्हतं. ते मिळालं १९८७ च्या एका शोधनिबंधात. जॉर्ज वर्गीस आणि टोनी लॉक यांचा तो निबंध. वर्गीस हे पवईच्या आयआयटी मुंबईचे, १९८१ चे पदवीधर. हे कळल्यावर तो निबंध मला एकदम जवळचा वाटायला लागला. त्यात टायमरचे चार भाग पाडलेत: सुरू करणं, थांबवणं, दर ठोक्याला करायचा हिशेब, आणि वेळ झाल्यावर करायचं काम. पहिले दोन वापरणारा बोलावतो, तिसरा घड्याळ बोलावतं आणि चौथ्यात टायमर वापरणाऱ्याला बोलावतो. माझ्या वहीत यातले पहिले दोनच होते. उरलेले दोन जिथे पहिल्या दोघांना आडवे जातात, तिथेच सगळं अवघड आहे.

निबंधाचा प्रश्न साधा आहे. हजारो टायमर लावलेले असतील तर ते ठेवायचे कसे? मुदतीप्रमाणे रांगेत लावले तर नव्या टायमरसाठी दर वेळी रांगेत जागा शोधत फिरावं लागतं. त्याऐवजी त्यांनी चाक सुचवलं. चाकाला खाचा, दर ठोक्याला एक खाच पुढे, ज्याची मुदत ज्या ठोक्याला भरणार त्याला त्या खाचेत टाकायचं. लांबच्या मुदतींसाठी दुसरं, तिसरं चाक, सेकंद-मिनिट-तासासारखं. लिनक्सने बरीच वर्षं अशी पाच चाकं वापरली, पहिल्याला २५६ खाचा आणि पुढच्या चारांना ६४. पहिलं चाक एक फेरा पुरा करी तेव्हा वरच्या चाकाची एक खाच खाली ओतून पुन्हा वाटावी लागे.

ऑक्टोबर २०१६ च्या ४.८ आवृत्तीत थॉमस ग्लाइक्सनर यांनी हे ओतणंच बंद केलं. लांबची मुदत ज्या जाड खाचेत पडली तिथेच राहू द्यायची, तिथूनच वाजवायची. सेकंदाला १००० ठोके असतील तर पहिल्या ६४ मिलिसेकंदांत खाच एका मिलिसेकंदाची, साधारण ४ ते ३२ सेकंदांच्या पट्ट्यात सुमारे अर्ध्या सेकंदाची, आणि माझा ड्रायव्हर मोटर जी वीस मिनिटं चालवून बंद करणार आहे ती ज्या पट्ट्यात येतात तिथे सुमारे ३२ सेकंदांची. टायमर लवकर वाजणार नाही, पण उशीर होऊ शकतो, मुदतीच्या फार तर साडेबारा टक्क्यांपर्यंत. वाचून मी थबकलेच. कर्नलसारख्या ठिकाणी मुद्दाम ढिलाई?

पण कर्नलमधले बहुतेक टायमर वाजण्यासाठी लावलेलेच नसतात. नेटवर्कवर पाकीट पाठवलं, उत्तर नाही आलं तर पुन्हा पाठवायचं म्हणून टायमर लावला. उत्तर आलं, टायमर काढला. डिस्कला काम सांगितलं, तीच गोष्ट. हे टायमर म्हणजे मुदती आहेत. त्या वाजल्या तर काहीतरी बिघडलंय असा अर्थ, आणि बिघाडाची बातमी अर्धा सेकंद उशिरा कळल्याने काही जात नाही. लावणं आणि काढणं मात्र अत्यंत स्वस्त हवं, कारण ते सतत चालतं. उलट आवाजाचा पुढचा तुकडा कार्डाकडे पाठवायचा असेल तर टायमर वाजायलाच हवा, आणि वेळेवर. तो गजर झाला. मुदतीला चाक पुरतं. गजराला नॅनोसेकंदांत मोजणारं, मुदतीप्रमाणे क्रम लावून ठेवणारं झाड लागतं. ग्लाइक्सनर आणि इंगो मोलनार यांचा ‘एचआरटायमर’ मार्च २००६ मध्ये २.६.१६ आवृत्तीत आला तो यासाठी. म्हणजे दोन संसार मांडलेत ते वापरणाऱ्याला एक प्रश्न विचारण्यासाठी: हा टायमर वाजावा असं तुला वाटतं की वाजू नये असं? हा प्रश्न विचारल्याशिवाय चांगला इंटरफेस बनतच नाही, हे मला इथे पटलं. माझ्या वीस मिनिटांच्या पाण्याला ३२ सेकंदांचा फरक चालतो. मी चाकच घेतलं.

सगळ्यात जास्त वेळ मी घालवला तो थांबवण्यावर, आणि तो प्रश्न पुस्तकाने नाही, बाबांनी विचारला. मी पेटीपाशी तारा मोजत बसले होते. बाबा म्हणाले, “काय करून राह्यली वं? लाइन आली, तुह्या टायमरनं मोजणं सुरू केलं, अन् तेवढ्यात मी बटन बंद केलं. मंग थो खरंच थांबते, का माहा हात पेटीत असताना मोटर उचलते?”

थांबते, असं म्हणणं सोपं होतं. पण मला तेव्हा ते ठाऊक नव्हतं.

पायच्या प्रोसेसरला चार कोअर आहेत. एका कोअरवर बाबांच्या बटनाने टायमर काढायचं फंक्शन बोलावलं. नेमकं त्याच क्षणी दुसऱ्या कोअरवर टायमरची वेळ भरून ‘मोटर उचल’ हे काम सुरू झालेलं आहे. काढणारा चाकात बघतो, तिथे टायमर नाहीच, तो आधीच बाहेर पडलाय. काढणारा शून्य परत देतो, म्हणजे ‘काढण्यासारखं काही नव्हतं’. बटन म्हणतं झालं काम. आणि पलीकडे मोटर उचलणारा रिले ओढला जातो. मोटरऐवजी मेमरी असती तर हीच गोष्ट अशी घडली असती: काढणाऱ्याने मेमरी परत करून टाकली आणि पलीकडचं काम अजून तिथेच लिहीत बसलंय. म्हणून दुसरं फंक्शन आहे. ते टायमर काढतं आणि काम चालू असेल तर संपेपर्यंत थांबतं. जुन्या पुस्तकात त्याचं नाव ‘डेल टायमर सिंक’. २०२५ च्या ६.१५ आवृत्तीत जुनी नावं गेली आणि आता ‘टायमर डिलीट सिंक’ म्हणायचं.

थांबण्यातही धोका आहे. बटनाने एक कुलूप (एका वेळी एकालाच आत सोडणारं ‘लॉक’) धरून ठेवलंय आणि टायमरच्या कामाला तेच कुलूप हवंय, अशा वेळी बटन कामाची वाट बघतं, काम कुलपाची, आणि दोघं जन्मभर तशीच राहतात. म्हणून कुलूप सोडून मगच थांबायला बोलवायचं. आणि इतकं करूनही एक दार उघडं राहतं. काही टायमर आपलं काम दुसऱ्या एका रांगेला देतात आणि त्या रांगेतलं काम संपताना टायमर पुन्हा लावतं. टायमर थांबवा, रांग त्याला उठवते; आधी रांग थांबवा, टायमर रांगेत नवं काम टाकतो. ड्रायव्हर काढताना कुणाला आधी आवरायचं? या कोड्यावरचं उत्तर कर्नलमध्ये यायला फेब्रुवारी २०२३ ची ६.२ आवृत्ती उजाडावी लागली: ‘टायमर शटडाउन सिंक’. ते टायमरमधला फंक्शनचा पत्ताच पुसतं. त्यानंतर कुणी तो टायमर पुन्हा लावायला गेलं तर ती विनंती गपचूप सोडून दिली जाते.

तेव्हा बंद करायची तीन फंक्शनं म्हणजे तीन वेगळी आश्वासनं. आता वाजू नको. आता वाजू नको, आणि वाजत असशील तर संपल्याचं सांगून मला सोड. यापुढे कधीच वाजू नको. बाबांना हवं होतं ते दुसरं. माझ्या ड्रायव्हरमधलं बंदचं बटन आता टायमरचं काम पूर्ण संपल्यावर, रिले सोडून, त्यानंतरच हिरवा दिवा देतं. बाबांना मी हे जसंच्या तसं समजावलं आणि एवढंही सांगितलं, की पेटीत हात घालायचा तर हिरव्या दिव्यावर विसंबायचं नाही, मेन स्विच पाडायचाच. “थे तं मले ठाऊकच हाय,” ते म्हणाले, “पण दिवा खोटा नसावा.”

ऑटोच्या उशिराच्या घुंडीबद्दल आमच्यात बरीच चर्चा झाली. एका डीपीवर, म्हणजे रोहित्रावर, दहा-पंधरा मोटरी असतात. सगळ्यांना ऑटो असला की लाइन येताच सगळ्या एकदम उचलतात, सुरुवातीचा प्रवाह नेहमीच्या कितीतरी पट असतो, आणि डीपीवर ताण येतो. ऑटो काढा, कपॅसिटर लावा, असं आवाहन महावितरण वरचेवर करतं ते म्हणूनच. घुंडी त्यावरचा उपाय, पण प्रत्येकाने वेगळा उशीर धरला तरच.

आता कर्नलमधली गंमत बघा. तिथे ‘राउंड जिफीज’ नावाचं फंक्शन आहे आणि ते बरोबर उलटं करतं. ज्यांना नेमक्या वेळेची गरज नाही असे टायमर ते पूर्ण सेकंदावर सरकवून एकत्र आणतं. झोपलेला प्रोसेसर दहा वेळा उठवण्याऐवजी एकदा उठवला की वीज वाचते. मी बुचकळ्यात पडले: डीपीला पांगलेलं हवं, प्रोसेसरला गोळा झालेलं. मग त्याच फंक्शनचा कोड खालपर्यंत वाचला. सगळे कोअर एकाच ठोक्याला जागे होऊन एकाच कुलपावर तुटून पडू नयेत म्हणून तिथे प्रत्येक पुढच्या कोअरला तीन-तीन जिफींचा जादा उशीर दिलेला आहे. एका कोअरचे टायमर एकत्र आणायचे आणि कोअरांना आपसात पांगवायचं. दोन्ही गोष्टी एकाच फंक्शनमध्ये, आणि वापरणाऱ्याला काहीच ठरवावं लागत नाही. माझ्या घुंडीत मी हेच केलं: बाबांनी ठरवलेल्या सेकंदांवर प्रत्येक पेटी आपल्या क्रमांकाप्रमाणे थोडा उशीर स्वतःच वाढवते. शेजारच्या शेतातल्या काकांची पेटी जोडली तर तिचा क्रमांक दोन.

झोपायच्या फंक्शनांनी मला आणखी एक गोष्ट दिली. ‘एमस्लीप’ला एक मिलिसेकंद सांगितला तर सेकंदाला १०० ठोक्यांच्या कर्नलवर वीसही लागू शकतात. ‘यूस्लीप रेंज’ वापरणाऱ्याकडून दोन आकडे मागतं: निदान इतकं, जास्तीत जास्त इतकं. पहिल्यांदा हा मला जाच वाटला. आता वाटतं, टायमरच्या इंटरफेसमधला हा सगळ्यात प्रामाणिक भाग आहे. अचूक वेळ कुणीच देऊ शकत नाही. मग किती चुकलं तर चालेल ते विचारून घ्यावं. जेवढी ढील सांगाल तेवढी कर्नलला इतरांबरोबर तुमचं काम जुळवता येतं. माझं ‘सुरू’ हे फंक्शनही आता दोन आकडे घेतं.

‘किती उरला’ हे तिसरं फंक्शन मी एकदा वहीतून खोडलं होतं, गरज वाटली नाही म्हणून. ते परत लिहिलं ‘टायमरएफडी’चा इतिहास वाचल्यावर. प्रोग्रॅमना टायमर फाइलसारखा वाचता यावा म्हणून दाविदे लिबेंझी यांनी केलेलं हे सिस्टिम कॉल जुलै २००७ मध्ये २.६.२२ आवृत्तीत आलं. मायकेल केरिस्क त्याचं माहितीपान लिहायला बसले आणि त्यांच्या ध्यानात आलं, की यात लावलेल्या टायमरचा उरलेला वेळ विचारायची सोयच नाही, जी जुन्या टायमरांत होती. पुढच्या आवृत्तीत ते बंद ठेवलं गेलं आणि २.६.२५ मध्ये एकाची तीन कॉल झाली: तयार कर, लाव, विचार. एरवी कर्नल बाहेरच्या प्रोग्रॅमना एकदा दिलेला इंटरफेस मागे घेत नाही. इथे घेतला, कारण तो अजून कुणाच्या फारसा हाती पडला नव्हता. तेव्हापासून कोड लिहायच्या आधी मी बाबांसाठी मराठीत माहितीपान लिहिते. जे वाक्य लिहिता येत नाही ते फंक्शन बदलते.

आणि त्या पानावरच सध्या काम अडलंय. ‘वीस मिनिटं’ कुठल्या घड्याळाची? भिंतीवरच्या घड्याळाची धरून चालत नाही, कारण माझ्या पायला, चार नंबरच्या मॉडेलला, घड्याळाची स्वतःची बॅटरी नाही. चालू झाला की तो शेवटची लिहून ठेवलेली वेळ धरतो आणि मोबाइलला रेंज मिळून इंटरनेटवरून खरी वेळ कळली की एकदम पुढे उडी मारतो. ‘रात्री बाराला सुरू कर’ यासाठी तेच घड्याळ हवं; ‘वीस मिनिटं’साठी कधीही मागे-पुढे न उडणारं, चालू झाल्यापासून सरळ पुढे जाणारं. कर्नल ही दोन्ही देतो, आणि ‘एचआरटायमर’ किंवा ‘टायमरएफडी’ बनवताना कुठलं ते विचारतो.

बाबांना मात्र यातलं एकही नकोय. त्यांचं म्हणणं असं, की लाइन बारा मिनिटांनी गेली तर उरलेली आठ मिनिटं लाइन परत आल्यावर चालली पाहिजेत. मधला वेळ धरायचा नाही. असं घड्याळ मला जुन्या युनिक्समध्ये सापडलं. १९८३ च्या ४.२बीएसडीतल्या ‘सेटआयटायमर’ला तीन घड्याळं होती, त्यातलं एक प्रोग्रॅमला प्रोसेसर मिळालेला असतानाच पुढे सरकायचं, प्रोसेसर दुसऱ्याकडे गेला की थांबायचं. मला तसंच, पण लाइनवर चालणारं घड्याळ बनवायचंय. त्याचा ठोका कशाने द्यायचा यावर आमचं अजून एकमत नाही. मी म्हणते, रिले ओढल्यापासून. बाबा म्हणतात, पाइपातून पाणी पडायला लागल्यापासून, कारण मोटर चालली तरी पाणी लगेच येत नाही. त्यांचं बरोबर आहे. म्हणून ‘सुरू’ या फंक्शनमधून मोजणं बाहेर काढून त्याचं वेगळं फंक्शन केलंय, आणि पाइपाच्या तोंडाशी बसवायला पाण्याचा सेन्सर मागवलाय.